डाइंगमधला ई

आठवीपर्यंत मी वर्गात तोंडच उघडत नव्हते, हे आज कुणाला सांगितलं तर कुणी मानणार नाही. कमळ पाचवीपासून माझ्या बाकावर बसते, तीसुद्धा म्हणते, "तू गप्प होतीस? कधी गं?" पण होते. इंग्रजीचा तास आला की मी पुढच्या मुलीच्या वेण्यांआड लपायचे.

मग यंदा नववीला पाटकर बाई आल्या आणि त्यांनी आयएनजी शिकवलं. काय सांगू! इतकी वर्षं इंग्रजी म्हणजे नुसता चिखल, त्यात पहिल्यांदा पायाला फरशी लागली. क्रियापद घ्या, आयएनजी लावा. गो, गोइंग. ईट, ईटिंग. शेवटी ई असेल तर आधी ई काढून टाका, मग आयएनजी. राइटचा ई गेला, रायटिंग झालं. डान्सचा गेला, डान्सिंग झालं. रनसारखं आखूड क्रियापद असेल तर शेवटचं अक्षर दोनदा. बाई फळ्यावर क्रियापद लिहायच्या आणि खडू फिरून फिरून माझ्याकडेच यायचा. मी चुकायचेच नाही. वर्गात माझं नाव 'इंगवाली' पडलं आणि मला ते जाम आवडलं. घरीपण माझं तेच. "आई इज भाकरी थापिंग. माणिक इज रडिंग." माणिक माझा धाकटा भाऊ. हे ऐकलं की तो जास्तच रडायचा. आई म्हणायची, "आणि शुभा इज मार खाइंग." आई सातवी शिकलेली, पण तिला पटकन जमलं.

बाबा मात्र हसायचे नाहीत. गिरणीचा संप झाला तेव्हा मी तिसरीत होते. तो मिटला कधी ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. एवढंच कळलं की गिरणी बाबांना परत बोलवत नाही. बाबांचं अक्षर चांगलं, गिरणीत असताना गणपती मंडळाचे फलक तेच रंगवायचे. म्हणून मग त्यांनी ब्रश हातात घेतला. 'दळण मिळेल', 'गाड्या उभ्या करू नयेत', 'कुत्र्यापासून सावध राहा'. ज्याच्या घरी कुत्रा त्याच्या घरी बोर्ड, पण कांदिवलीत कुत्री पाळणारे असून असून किती असणार? खरं काम होतं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. तिथे गाळ्यांच्या रांगाच्या रांगा. पण प्रत्येकाला बोर्ड इंग्रजीत हवा, आणि बाबांना इंग्रजी येत नाही.

माघी गणपतीच्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "एप्रिलात परीक्षा झाली काय तू पोरांक घेऊन गावाक जा. हंय चार पोटां माझ्यान भरणां नाय." मी मोरीत भांडी घासत होते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि आमच्या वाडीतली एकही मुलगी तिकडे जात नाही. सातवी झाली की काजूच्या बिया सोलायच्या आणि लग्नाची वाट बघायची. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नववी ही माझी शेवटची इयत्ता होती.

आणि अशात ते काम आलं. चंद्रप्रकाश शेठ पूर्वी बाबांच्याच गिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. त्यांनी चारकोपला गाळा घेतला, कपडा रंगवून द्यायचा. नाव आपल्या आईचं द्यायचं ठरवलं. ती पावसाळ्यात इतकी आजारी पडली होती की गावाहून माणसं निघाली होती. त्यातून उठली. शेठ बाबांना म्हणाले, "रत्नप्रभा डाइंग वर्क्स. इंग्रजीत काढ, गुणाजी. आईच्या हातून पडदा ओढायचाय. बोर्ड झकास झाला तर आजूबाजूचे गाळेवाले तुलाच विचारतील."

त्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "ह्यो बोर्ड बघून आणखी दोघातिघांनी विचारल्यांनी तर हंयच रवया." एवढंच. पण म्हणजे गाव नाही, इथेच राहायचं! माझा घास हातातच राहिला.

रत्नप्रभा सोपं होतं. वर्क्स मला पाठ होतं. डाइंगसाठी मी शाळेतला शब्दकोश बघितला. डाय: डी, वाय, ई. अर्थ, रंग, रंगवणे. शेवटी ई! मला हसूच आलं. ई काढला, आयएनजी लावलं, आणि माणिकच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून बाबांसमोर धरलं. बाबा इंग्रजी अक्षरं चित्रासारखी उतरवतात. त्यांनी पाटी लांब धरली, जवळ धरली.

"नक्की गो?"

"बाबा! इंगवाली आहे मी."

पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. बाबांनी ती इतकी सुरेख काढली की शेजारच्या बायका बघायला आल्या. मी सगळ्यांना वाचून दाखवलं, मोठ्याने.

शुक्रवारी दुपारी तीनचा मुहूर्त होता. सकाळीच बाबा बोर्ड टांगायला गेले आणि मी शाळेत. तिसरा तास इंग्रजीचा. पाटकर बाईंनी फळ्यावर तीन क्रियापदं लिहिली: लाय, टाय, डाय.

"ही थोडी खट्याळ आहेत. यांच्या शेवटी आय-ई आहे. या आय-ईचा होतो वाय आणि मग आयएनजी. खोटं बोलणे, लाइंग. बांधणे, टाइंग. आणि डाय म्हणजे?"

"मरणे!" वर्ग ओरडला.

"डी, आय, ई. त्याचं आयएनजी रूप? शुभा, ये."

मी टुणकन उठले. खडू घेतला. आय-ई काढलं, वाय घातला, आयएनजी लावलं. डी, वाय, आय, एन, जी.

आणि मी तिथेच उभी राहिले. फळ्यावर माझा बोर्ड होता. तसाच्या तसा. फक्त पिवळा नव्हता.

"बरोबर. बस खाली."

"बाई, रंगवणे? ते पण डायच ना? डी, वाय, ई?"

बाई खूश झाल्या. "वा, छान प्रश्न! ते एक वेगळंच आहे. त्याचा ई काढायचा नाही. डी, वाय, ई, आय, एन, जी. ई काढलात तर बिचारा रंगारी कपडे रंगवता रंगवता मरायला टेकलाय असा अर्थ होईल."

सगळा वर्ग खो खो हसला. कमळ तर बाकावर डोकं ठेवून हसत होती. माझ्या कानात फक्त एकच वाक्य वाजत होतं. रत्नप्रभा मरते आहे. लाल रंगात. तिच्याच कारखान्याच्या दारावर. आणि तीनला ती स्वतःच्या हाताने पडदा ओढणार.

"बाई, मला घरी जायचंय."

"का गं?"

"पोटात दुखतंय."

आय वॉज लाइंग. एल, वाय, आय, एन, जी. असल्या वेळी पण डोक्यात आलंच. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, ते खरंच पांढरं पडलं असणार, आणि जा म्हणाल्या. कमळच्या कानात मी फक्त "दप्तर बघ" एवढं म्हटलं. ती म्हणाली, "झालं काय?" मी म्हटलं, "वाट लागली."

बस स्टॉपवर कुत्रंसुद्धा नव्हतं. थोडा वेळ उभी राहिले, मग उभं राहवेना, धावत सुटले. डोक्यावर ऊन. तोंडाने सारखं चाललेलं, देवा पडदा पडू दे, नाही, पडदा नको पडू दे, देवा बोर्डच पडू दे. मध्येच वाटलं, मुद्दाम सावकाश जावं. पोचलेच नाही तर मला बघावं लागणार नाही. पण मग एप्रिल दिसायचा, नदी दिसायची, काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं दिसायची, की परत धावायचे.

गाळ्याशी पोचले तेव्हा बोर्ड वर टांगून झाला होता. त्यावर जांभळं कापड, बाजूला ओढायची दोरी. आत भटजी पूजेची मांडणी करत होते. शेठ आईला आणायला गाडी घेऊन बोरिवलीला गेले होते. बाबा शिडीवर चढून दाराला आंब्याची पानं बांधत होते. मला बघून घाबरलेच.

"काय झालां? माणिक बरो हा मा?"

"बाबा, बोर्ड चुकलाय."

"काय चुकलां?"

"डाइंगमध्ये एक ई राहिलाय. मी काढला. काढायचा नसतो."

बाबांचा जीव भांड्यात पडला. "एक अक्षर मा? रवांदे. कोण वाचता एवढां?"

"बाबा, तसं लिहिलं की त्याचा अर्थ मरणं होतो. रत्नप्रभा मरते आहे, असा."

बाबा शिडीच्या पायरीवर बसले. हातातली पानं तशीच. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते नुसते वर कापडाकडे बघत राहिले.

"म्हातारेच्या नावाफुडे मी मरण लिवलंय," ते म्हणाले. "माझ्या हातान."

"तुम्ही नाही, मी."

"हात माझो."

मग ते एकदम उठले, शिडीवर चढले, कापडाच्या आत डोकं घातलं. मी खाली शिडी धरून. आतून आवाज आला, "खंय घालूचो तो ई?"

"वाय आणि आयच्या मध्ये."

"जागा खंय हा? एक बोट पण जाणां नाय."

"बारीक काढा ना!"

"बारीक काढलो तर भांडण करून घुसल्यासारखो दिसतलो."

बोर्ड उतरवून ठेवू या म्हटलं, तर बोल्ट आवळलेले, आणि बोर्ड नाही बघून शेठ काय म्हणाले असते? झेंडूची माळ वरून सोडू या म्हटलं. बाबा म्हणाले, "फाल्या माळ सुकतली. मगे?" उद्याचं मला सुचलंच नव्हतं. भटजी बाहेर डोकावून म्हणाले, "गुणाजी, शेठ निघाले असतील हो आता." मला रडू फुटलं. मी खरंच रडत होते, शिडीला धरून, रस्त्यावर, युनिफॉर्मवर. समोरच्या गाळ्याच्या दारात एक टक्कल पडलेले गृहस्थ चहा पीत हे सगळं बघत होते, त्यांचीसुद्धा लाज वाटेना.

"बाबा, मला वर येऊ दे."

बाबा उतरले, मी चढले. कापडाच्या आत जांभळा उजेड आणि रंगाचा वास. नाकासमोर ती पाच अक्षरं. डी. वाय. आय. एन. जी. शेवटची तीन तर माझीच, वर्षभर मिरवलेली. आय म्हणजे नुसती उभी काठी. बाबांनी काय सरळ काढली होती! उभी काठी. तिला एक आडवी रेघ वर, एक मध्ये, एक खाली...

मी शिडीवरून पडतापडता वाचले.

"बाबा! आयला तीन रेघा मारा! त्याचाच ई होतो!"

"आणि फुडच्या दोघांक?"

"एन आणि जी मिटवून टाका. पिवळा फासा वरून."

"मगे तुझां ता इंग खंय जातला?"

"इंग नकोच! डाय वर्क्स. रत्नप्रभा डाय वर्क्स."

बाबांनी खाली उभं राहून माझ्याकडे बघितलं. "नक्की गो?"

आणि माझ्या तोंडून 'नक्की' निघेना. पाटी धरली होती तेव्हा उत्तर कसं टणकन निघालं होतं. डाय वर्क्स असं असतं का इंग्रजीत? की हे पण काहीतरी भलतंच होतं? मरणापेक्षा वाईट काय होणार, असं मनात आलं, आणि मग वाटलं, मला काय माहीत, इंग्रजीत असेल काहीतरी.

"मला वाटतं..."

"वाटता नको. माका वाचूक येणां नाय, शुभा. तू सांगशीत ता मी काढतलंय."

मी डोळे मिटले. शब्दकोशाचं पान. डाय. अर्थ, रंग. मग अर्धविराम. मग, रंगवणे. आधी रंग! रंगाचं काम. रंग वर्क्स.

"बरोबर आहे. काढा."

बाबांचा रंगाचा डबा सोबत असतोच, हात फिरवायला. ते कापडाच्या आत गेले आणि मला नुसते त्यांचे पाय दिसत राहिले. मी शिडी घट्ट धरली आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिले. रिक्षा आली की टाचा उंच. टेम्पो आला की टाचा उंच.

"एक रेघ झाली," आतून.

"एन मिटलो. पण खालचो लाल दिसता."

"अजून एक हात द्या!"

"ओल्यावर ओलो बसणां नाय गो."

आणि रस्त्याच्या टोकाला पांढरी फियाट वळली.

"बाबा, आले!"

"शेवटची रेघ ऱ्हवली."

"बाबा!"

गाडी थांबली. शेठ उतरले, मग आतून काठी आली, मग एक इतकीशी म्हातारी, पांढऱ्या नऊवारीत, डोळे मात्र लकलकणारे. शेवटची रेघ कशीबशी ओढून बाबा शिडीवरून उतरले तेव्हा त्यांच्या मनगटापर्यंत पिवळा रंग होता. कापड ओल्या रंगाला चिकटू नये म्हणून मी कोपऱ्यातली काठी उचलून ते पुढे उचलून धरलं. शेठ म्हणाले, "ही कोण?" बाबा म्हणाले, "माझी पोर." शेठ म्हणाले, "काठी काढ बाळ, फोटो काढायचाय."

काय करणार? काढली. कापड अलगद बोर्डावर जाऊन बसलं.

पूजा झाली, नारळ फुटला. रत्नप्रभाबाईंनी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली. कापड वरून सुटलं, खाली आलं, आणि मधेच अडकलं. नेमकं तिथेच. म्हातारीने पुन्हा हिसका दिला. शेठ पुढे झाले, तर ती म्हणाली, "बाजूक हो, मी ओढतंय." आणि ओढलंच. चर्रकन आवाज आला. टाळ्या वाजल्या.

ईची खालची रेघ कापडाबरोबर गेली होती. माझ्या ईचा एफ झाला होता, आणि पुढे पिवळ्यातून एन आणि जी गुलाबी भुतांसारखे दिसत होते.

शेठ टाळ्या वाजवता वाजवता थांबले. ते मास्तर होते, त्यांना इंग्रजी येत होतं. बोर्डाखाली जाऊन त्यांनी मान वर केली.

"गुणाजी, मी डाइंग सांगितलं होतं. हे काय आहे? आणि ह्या ओल्याखाली काय होतं?"

बाबा म्हणाले, "चुकी झाली."

"माझं स्पेलिंग होतं, काका," मी म्हटलं. आवाज फाटलाच माझा.

"काय लिहिलं होतंस?"

म्हातारी दोनच हातांच्या अंतरावर उभी होती. मला तो शब्द तोंडातून काढता येईना. मी तळहात पुढे केला आणि बोटाने त्यावर एकेक अक्षर काढलं. डी. वाय. आय. एन. जी. शेठ बघत होते. जीपर्यंत पोचायच्या आतच त्यांना कळलं. त्यांचा चेहरा बघून मी एक पाऊल मागे गेले.

"पूजेच्या आधी पुसलंस की नंतर?"

"आधी. तुमची गाडी यायच्या आधी."

"कुणी वाचलं?"

"मी. बाबांना येत नाही."

"काय झालां रे, चंद्या?" म्हातारीने विचारलं. खाली आलेल्या कापडाचा लाल रंग तिच्या बोटांना लागला होता, ती ती उलटीपालटी करून बघत होती.

शेठनी घसा साफ केला. "काय नाय, आई. रंग ओलो आसा."

"रंगाचो कारखानो मा? मगे रंग लागतलोच," ती म्हणाली, आणि बोटं पदराला न पुसता तशीच आत गेली, पेढे वाटायला.

शेठ बाबांकडे वळले. हळू बोलले, पण दात आवळून. "रविवारी ये. पूर्ण बोर्ड परत. रंग तुझा. स्पेलिंग मी लिहून देणार. आणि पुन्हा असं झालं ना गुणाजी..." पुढचं त्यांनी गिळलं आणि आत गेले.

बाबा त्यांच्या मागोमाग आत गेले. मला दारातून दिसलं, त्यांनी रत्नप्रभाबाईंचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. तिला काही कळलं नाही. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तिथे लाल लागला.

मला वाटलं, संपलं. चुकलेला बोर्ड बघून कोण काम देणार? मी समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. डोळे पुसते तर ते टक्कलवाले गृहस्थ समोर. मघाशी चहा पीत होते तेच, बळवंतराव, प्लास्टिकची झाकणं बनवतात.

"काय गं, तुझे वडील ते? मघापासून बघतोय. डोक्यावर कापड, खाली तू ओरडतेयस, समोरून गाडी येतेय, पण माणसाची रेघ काही वाकडी झाली नाही. माझ्या दारावर बोर्डच नाही. पोस्टमन रोज भलत्याच गाळ्यात टपाल टाकतो. प्लास्टिक मोल्डिंग, इंग्रजीत. जमेल?"

बाबा बाहेर आले होते. त्यांनी ऐकलं. मोल्डिंग म्हटल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं. मोल्ड. शेवटी ई आहे का? नसला तर काढायचा प्रश्न नाही. असला तर काढायचा की ठेवायचा? आणि मध्ये ओ नुसता की ओ-यू? बोटाने तळहातावर दोन्ही लिहून बघितलं, दोन्ही खरंच वाटलं.

"जमेल," मी म्हटलं. "पण स्पेलिंग सोमवारी देईन. बाईंना विचारून."

"सोमवारी?" बळवंतराव हसले. "बरं बुवा, सोमवारी."

ते आत गेले. बाबा माझ्या शेजारी बसले. शिव्या दिल्या नाहीत, शाबासकी पण नाही. बोटांचा रंग घासलेटच्या चिंधीने पुसत बसले.

"एक झालो," चिंधीची घडी घालत ते म्हणाले.

दोघातिघांनी विचारलं तर, असं म्हणाले होते. एप्रिल काही लांब नव्हता. मी उठले. रांगेत पुढचा गाळा, त्याच्यावर बोर्ड होता. त्याच्या पुढचा, त्याच्यावरही होता. तिसऱ्याच्या दारावर नुसता खडूने नंबर घातलेला. आत कसलं तरी मशीन धडधडत होतं.

"अगो, खंय चललंस?" बाबा मागून ओरडले.

मी आत शिरले. मशीनपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून पोटापासून ओरडले. मशीनवरच्या माणसाने दचकून बटण बंद केलं.

"काय पाहिजे?"

"तुमच्या दारावर बोर्ड नाहीये, काका," मी म्हटलं. "नाव काय कंपनीचं?"